ब तुकडीचा त्रिकोण

आवं बाई, बांधते की, घाई कशाची — पण मला आधी एक सांगा, नववीच्या तुकड्या किती तुमच्या शाळंत? दोन न्हवं? मग सामान एकाच तुकडीचं कसं काय मागताय? काड्या एका तुकडीपुरत्या, पुठ्ठं एका तुकडीपुरतं, सायकलीची व्हॉल्व ट्यूबसुद्दा तेवढीच. काय म्हणालात? दुसऱ्या तुकडीला लागत न्हाई? न्हाई न्हाई, ऐकलं मी, नीट ऐकलं. बसा त्या स्टुलावर. ट्यूब आमच्या दिराच्या दुकानातनं आणाय लागती, हितं शेजारीच हाय सायकलीचं दुकान, पण भावजी जेवाय गेल्यात. ते आल्याबिगर मिळायची न्हाई. तवर बसा. कालेजं सुटली की झुंबड उडती हितं, आत्ता कोण न्हाई — मी बी बोलायला माणूसच शोधत असते. मालक माल आणाय गावात गेलं की दिवसभर तोंडाला कुलूप.

भूमितीचंच सामान हे कसं वळखलं म्हंता? आवं, विश्रामबागेत दुकान टाकलंय आमी, बी.एड.च्या पोरी रोज येत्यात पाठाचं सामान न्यायला. तक्तं नेत्यात, रंगीत खडू नेत्यात, एकीनं तर मातीचा बैल मागितला होता — मी म्हटलं, बैलाला बाजारात जावा. पण काड्या आणि व्हॉल्व ट्यूब एकत्र कुणी मागत न्हाई. काडीच्या टोकाला ट्यूबचा तुकडा घालायचा, त्यात दुसरी काडी, झाला कोन. तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन. त्रिकोण दाबला तर हलत न्हाई, चौकोन दाबला की कलंडतो. पयल्यांदा पोरांनी नुस्तं हातात धरायचं, दाबायचं, मोडायचं. मग सगळ्या आकृत्या जमिनीवर वतायच्या आणि ढीग लावायचं — ही ह्या ढिगात का टाकलीस, सांग. मग भांडायचं एकमेकांशी, असंच का आणि तसं का न्हाई म्हणून. आणि सगळ्यात शेवटी, भांडून दमल्यावर, वही उघडायची आणि सिद्धता लिवायची. ह्याच पायऱ्या न्हवं तुमच्या? बघा, तोंड कसं झालं तुमचं. दुकानदारणीला भूमिती ठावी असू ने असा काय कायदा न्हाई.

शिकले कुठं म्हंता? तीच तर गंमत हाय, बाई. मला कुणी शिकवलंच न्हाई. मी ब तुकडीत होते.

पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला आमचं गाव. भूकंप झाला तवा मी आठ-नऊ वर्षांची. गावातली हायस्कूलची इमारत पार बसली, भिंती पडल्या, आणि नंतर सरकारनं पत्र्याचं लांबलचक शेड दिलं. मी नववीत गेले तरी शाळा त्या शेडमदीच. वर्गावर्गांच्या मदी भिंत न्हाई, बांबूची तट्टी. इकडं इतिहास चाललाय आन् पलीकडनं इंग्रजीच्या कविता ऐकू येत्यात. आमाला सवय होती त्याची. कान दोन असत्यात ते तेवढ्यासाठीच असं वाटायचं.

आणि शेलार सर होते. नाथाजी शेलार. तासगावकडचे, टेंपररी लागलेले, दर उन्हाळ्यात धास्ती की जूनला परत घेत्यात का न्हाई. आठवीला दोनी तुकड्यांना तेच गणित शिकवायचे, आणि कसं शिकवायचे म्हणून सांगू — पयल्या दिवशी भूमितीचं पुस्तक उघडलंच न्हाई. म्हणाले, वर बघा. आमी वर बघितलं. पत्रा आणि पत्र्याखाली लोखंडी कैच्या. म्हणाले, ह्या कैच्यांत चौकोन कुठं दिसतोय का? न्हाई, सगळं त्रिकोणच. का बरं? मग त्यांनी काड्यांचा चौकोन एका पोराच्या हातात दिला, म्हणाले, हे तुझं घर, आता भूकंप कर. त्यानं हलवलं, घर कलंडलं. सगळी हसली, पण आमच्यातलं कोण कोण त्या रात्री दगडाखाली सापडलेलं होतं. मग सरांनी चौकोनात एक तिरकी काडी लावली. म्हणाले, आता हलव. हललं न्हाई. त्या दिवशी मी घरी गेले आणि आमच्या गोठ्याच्या झापाला तिरकी काठी बांधली. आई म्हणाली, ह्ये काय गं? मी म्हटलं, आता ह्यो पडायचा न्हाई. अजून हाय तो झाप. तिरकी काठी बी हाय.

आणि आमची अक्कल तरी कसली! सरांनी समद्विभुज त्रिकोण काढला, फळ्यावर उलटा, टोकावर उभा. आमी सगळे वरडलो, सर, पडला, त्रिकोण पडला. सर म्हणाले, मग ह्याचा पाया कुठला? आमी म्हटलं, ह्याला पायाच न्हाई. पाया खाली असतो, सर, वर कसा असंल, घर ऱ्हाईल का मग? भूकंपातली पोरं आमी, आमाला पाया म्हंजे खालीच. सरांनी पुठ्ठ्याचा त्रिकोण घेतला, हातात फिरवला, फिरवत ऱ्हायले. बाजू बदलली का? न्हाई. कोन बदलला का? न्हाई. मग नाव का बदलंल? पाया म्हंजे जमिनीवर टेकलेली बाजू न्हवं, दोन सारख्या बाजूंच्या समोरची बाजू. कशीबी ठेवा. तवापासनं सर मुद्दाम उलटंच त्रिकोण काढायचे. सरांच्या हातचा त्रिकोण लांबनं वळखू यायचा.

तर असे आमचे सर. मग नववीला नवा अभ्यासक्रम आला — अकरावी गेली न्हवं, धावीलाच म्याट्रिक झाली, त्यातली आमची पयलीच बॅच — आणि त्याच वर्षी एक प्राध्यापक सायेब आले. कुठल्या कालेजचे ते सांगत न्हाई, नाव बी घेत न्हाई, आता मोठे झाल्यात. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. त्यांनी कुणाकडनं तरी सरांचं ऐकलेलं. सरांना म्हणाले, तुमी करताय ते चांगलं हाय पण विस्कळीत हाय, आपण त्याच्या पायऱ्या बांधू, वर्षभर करू, आणि सिद्ध करू. सिद्ध करायचं तर काय लागतं? तुलना लागती. एका तुकडीला पायऱ्यांनी शिकवायचं, दुसरीला शिकवायचं न्हाई. न्हाई, शिकवायचं, पण जुन्या पद्धतीनं. पुस्तक वाचायचं, फळ्यावर लिवायचं, पाठ करून घ्यायचं. शिकवणारा माणूस तोच पायजे म्हणं, न्हाईतर तुलना खरी ठरत न्हाई. कळलं का? तोच माणूस. एका तासाला शिकवणार, दुसऱ्या तासाला शिकवायचं न्हाई म्हणून उभा ऱ्हाणार.

तुकडी कशी ठरली? नाणं उडवून. दोनी तुकड्यांना बाहेर मैदानात उभं केलं आणि सायबांनी चार आण्याचं नाणं उडवलं. म्हणाले, म्हंजे पक्षपात नको. आमी टाळ्या वाजवल्या, बाई. कशावर ते ठावं न्हवतं, पण नाणं लय उंच गेलं म्हणून टाळ्या वाजवल्या.

मग सुरू झालं. आमच्या तासाला सर यायचे आणि फळ्याकडं तोंड करायचे. पक्ष. साध्य. रचना. सिद्धता. लिवून घ्या. आमी म्हणायचो, सर, काड्या? सर म्हणायचे, पुस्तक काढा. आमी म्हणायचो, सर, ह्ये असं का? ते म्हणायचे, पुस्तकात दिलंय म्हणून. त्यांच्या तोंडाकडं बघवायचं न्हाई. आमच्यातला एकजण म्हणाला, सरांच्या घरी कोण वारलं काय? आणि त्रिकोण — सरळ. पाया खाली, टोक वर, रोज तसाच, फुटपट्टीनं. सायेब मागच्या बाकावर बसून टिपणं घ्यायचे ना, एक काडी इकडची तिकडं होऊन चालायचं न्हाई. पुढच्या तासाला तेच सर तट्टीच्या पलीकडं गेले की हसायचा आवाज. भांडायचा आवाज. "न्हाई सर, चौरस बी आयतच हाय!" "कसा काय, आयताच्या बाजू लांब-आखूड असत्यात!" "असं कुठं लिवलंय?" आणि आमी अलीकडं, कर्तव्य आणि हक्क पाठ करतोय. नागरिकशास्त्र असायचं आमचं तवा.

माझी जागा तट्टीला लागून होती. तुमाला सांगते, नशीब म्हणायचं का कमनशीब, मला अजून ठरवता येत न्हाई. तट्टीच्या पलीकडं झुबेदा बसायची, बशीरभाईंची — बांगड्या विकायचे ते गावोगाव, आमच्या आईच्या हातात त्यांच्याशिवाय दुसऱ्याची बांगडी गेली न्हाई कधी. आमी दोघी पयलीपासनं एका पाटीवरच्या, नववीला हजेरीच्या नंबरानं दोघी दोन तुकड्यांत गेलो. तर ती काय करायची, तट्टीच्या खालनं काड्यांचा त्रिकोण सरकवायची माझ्याकडं. मी तास होईपर्यंत परकराखाली धरून चाचपायची. बघायची सोय न्हाई, नुस्तं बोटांनी. ह्या दोन बाजू सारख्या, ही न्हाई. मग हे दोन कोन सारखे असणार. असणार म्हंजे? असलेच पायजेत. का? आणि त्ये 'का' घेऊन मी नदीवर धुणं धुवाय जायची. झुबेदा बी यायची. वाळूत आकृत्या काढायच्या. हळूहळू आमच्या तुकडीतल्या सगळ्या पोरी यायला लागल्या, मग पोरं यायला लागली, म्हसरं पाण्यात सोडून बसायची. अ तुकडी शिकून यायची आणि ब तुकडीला वाळूत शिकवायची.

एक दिवस मला चौरसाचं कळलं. आयताला काय लागतं? चारी कोन काटकोन. बास. बाजूंबद्दल त्यानं काय मागितलंच न्हाई. मग चौरसाला आत यायला कोण आडवणार? मी वाळूत उभी ऱ्हायले आणि मोठ्यानं वरडले, कोण आडवणार त्याला! पोरी हसाय लागल्या. पण तवा मला काय झालं सांगू — आजवर जे सांगितलं ते मी ऐकत आले होते, आईचं, दादांचं — वडलांना आमी दादा म्हणायचो — पुस्तकाचं. आणि ह्ये मला कुणी सांगितलं न्हवतं. ह्ये मी काढलं होतं. ह्येच्याम्होरं दादा आले, हेडसर आले, अगदी कलेक्टर आला तरी चौरस आयतच ऱ्हाणार होता. असलं सुख मला नंतर कशात मिळालं न्हाई. लग्नात न्हाई, पोरगं झालं तवा बी न्हाई. बोलू ने असं, पण तुमी परक्या, तुमाला सांगायला काय जातंय.

मग दिवाळीनंतर सायबांनी मदली चाचणी घेतली. आणि ब तुकडीचं मार्क बघून त्यांचा चेहरा पडला. मी तट्टीला लागूनच न्हवं का — मदली सुट्टी होती, पलीकडं दोघंच होते, सायेब आणि सर. सायेब म्हणाले, ही ब तुकडी वर कशी येतीय? तुमी त्यांना काय देताय का? सर म्हणाले, न्हाई, शपथ घेतो. सायेब म्हणाले, ह्ये बघा शेलार, दोन तुकड्यांत फरकच पडला न्हाई तर तुमच्या पायऱ्यांनी केलं काय? कायच न्हाई. वर्ष पाण्यात. मग मी संस्थेला तुमच्याबद्दल लिवू काय आणि तुमाला कायम करा म्हणून सांगू कुठल्या तोंडानं? मग सर म्हणाले, पोरं हुशार हायत. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासनं दोनी तुकड्यांच्या सुट्ट्या वेगळ्या केल्या. तट्टीला खालनं पोतं लावलं. काड्या मोजून घ्यायला लागले. नदीवर बसायचं न्हाई म्हणून ताकीद. पण आता कळलेलं कुणी परत घेतंय का? त्ये काय काड्या हायत, मोजून घ्यायला?

आणि मग मी एक शहाणपणा केला, बाई. मी तट्टीतनं ऐकलेलं सगळं ब तुकडीला सांगितलं. म्हटलं, आपल्याला चांगलं मार्क पडलं तर सरांची नोकरी जाती. सरांच्या पायऱ्या खोट्या ठरत्यात. आता तुमी मला सांगा, चौदा-पंधरा वर्षांची पोरं, सरांवर जीव टाकणारी, ती काय करणार? काय करायला पायजे होतं? जाऊन सायबाला सांगायला पायजे होतं, की सायेब, फरक पडला न्हाई कारण शिकणं तट्टीखालनं आलं. ते कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. आमच्या डोक्यात काय आलं — शेवटच्या परीक्षेत चुकीचं लिवायचं. सगळ्यांनी. आमच्या देवाची, नाईकबाची शपथ घेतली, पाण्यात उभं ऱ्हाऊन. आणि सायबांनी तर आधीच सांगितलं होतं वर्गात, ह्या परीक्षेचा तुमच्या निकालाशी कायबी संबंध न्हाई. मग आमाला भ्या कशाचं?

येत असून चुकीचं लिवणं लय अवघड असतं, बाई. तुमी कधी करून बघा. येत नसल्यावर आपोआप चुकतं. येत असलं की हात बरोबरच जातो, त्याला वढून आणाय लागतं. चौरस हा आयत आहे का, कारण द्या — मी लिवलं, न्हाई, कारण त्याच्या बाजू सारख्या असतात. लिवताना दात वठात रुतवले. पुढं समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय. सिद्धता मी निम्मी पाठांतरातली लिवली, निम्मी दुसऱ्याच प्रमेयाची जोडली, अशी की वाचणाऱ्यानं म्हणावं, घोकून आली आणि विसरली. सगळं नीट बिघडवलं. पण आकृती — आकृती आधी काढली होती. आणि ती मी उलटी काढली. टोकावर उभी, पाया वर. मुद्दाम न्हवं हो. मला दुसरा त्रिकोण दिसतच न्हवता डोळ्यांम्होरं.

पेपर सरांनी तपासले. वाटायला आले. सगळ्यांचं वाटून झालं, माझा हातात धरून उभे ऱ्हायले. म्हणाले, विजयमाला, ही आकृती अशी का काढलीस? ब तुकडीला वर्षभर सरळच त्रिकोण काढून दाखवला होता त्यांनी. उलटा कुठनं आला ते त्यांना ठावं होतं. ज्या पोरीला उलटा त्रिकोण सरळ दिसतो तिला ते प्रमेय येत न्हाई असं होईल का? त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. मी म्हटलं, हात हलला, सर. ते म्हणाले, बस खाली. आणि पेपर दिला.

झालं. फरक पडला. भला मोठा फरक पडला. सायेब खूश, पेढे वाटले, अ तुकडीला दोन-दोन, ब तुकडीला एक-एक.

आणि मग हेडसरांनी काय केलं — वार्षिक परीक्षेला भूमितीचा पेपर वेगळा काढायचा कंटाळा. म्हणाले, सायबांनी घेतलेलीच धरू, तीच वार्षिक. हाय का आता! सायेब तर केव्हाच गेलेले आपलं बाड बांधून. ब तुकडी भूमितीत निम्मी नापास. पोरांचे बाप आले, हेडसरांच्या टेबलावर हात आपटले, शिव्या दिल्या, पोरं ढकलली गेली वर. पोरींचे बाप आले न्हाईत. पोरींच्या बापांना निमित्तच पायजे होतं. आमचे दादा मिलिटरीतनं हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले. त्यांनी निकाल बघितला, घडी घातली, म्हणाले, फेल म्हंजे अनफिट. अनफिट जवानाला घरी धाडत्यात. मी म्हटलं, दादा, मला येतंय. म्हणाले, येतंय तर लिवलं का न्हाईस? नाईकबाची शपथ होती. आणि शपथ नसती तरी, सरांची नोकरी.

त्या उन्हाळ्यातच लगीन ठरलं माझं. झुबेदा पुढं शिकली, म्याट्रिकला भूमितीत तिच्यासारखं मार्क तालुक्यात कुणाला न्हाईत. आता कराडला मास्तरीण हाय. येती कधीमदी, मला म्हंती, विजे, तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. मी म्हंते, गप बस आणि चहा पी. तिच्यावर माझा राग न्हाई. तुमच्यावर बी न्हाई, तुमी काय केलंय. तुमी माझ्याच वयाच्या असाल, न्हवं? एखाद-दुसरं वर्ष इकडं-तिकडं. साडीची घडी बघा तुमची, आणि हे माझं.

सर लग्नाला आले होते. कायम झाल्याची आर्डर त्याच आठवड्यात मिळाली होती त्यांना, गावात कळलेलं. मागं उभे ऱ्हायले, अक्षता टाकल्या, न जेवता गेले. दादांच्या जवळनं गेले, बघितलं मी मुंडावळ्यांतनं. थांबले बी क्षणभर. मला वाटलं आता बोलत्यात. एक वाक्य, बाई. ह्या पोरीला येतं. एवढं म्हटलं असतं ना, दादांनी ऐकलं असतं, मास्तरांना लय मानायचे ते. लग्न मोडलं नसतं, न्हाई, ते मला बी कळतं, पण मला तरी ऐकू आलं असतं. त्यांनी नमस्कार केला दादांना आणि गेले.

तरी मी त्यांना दोष देत न्हाई. न्हाई देत. टेंपररी माणूस, बायकापोरं तासगावला, करणार काय? आणि मला पक्कं ठावं हाय, त्यांच्या जिवाला ते लागलं असणार. माणूस तसा न्हवं. उलटा त्रिकोण विसरणारा माणूस न्हवं तो. पुढं सातारला गेले म्हणं, आता कुठं हायत देव जाणे, पण कुठंबी असू देत, परत त्यांनी दोन तुकड्या केल्या नसणार. मी लिवून देते. सायबासारखे शंभर आले तरी म्हटले असते, दोनी तुकड्यांना द्या, न्हाईतर मला नका सांगू.

म्हणून म्हंते, बाई, दोनी तुकड्यांचं न्या. काड्या मी जास्तीच्या टाकते वर, त्याचं काय न्हाई एवढं. तुमच्या पायऱ्या खऱ्या हायत, त्या सिद्ध करायला कुणाला तरी अडाणी ठेवायची काय गरज? माझ्याकडं बघा की. आणि ठेवायचंच असलं तर निदान वर्ष संपल्यावर तरी त्या दुसऱ्या तुकडीला द्या, उन्हाळ्यात, आठ दिवस, झाडाखाली. आणि तट्टी असली मदी तर पोतं लावू नका खालनं... काय? तुमच्या हातात न्हाई? मार्गदर्शकांनी सांगितलंय? तुलनेची तुकडी पायजेच, त्याबिगर डिग्रीच्या कामाला सही देत न्हाईत? आस्सं. आणि त्या तुकडीला काय बोलायचं बी न्हाई, भेसळ होती म्हणाले. भेसळ. बरोबर हाय, अनुभवी माणूस दिसतोय. कोण हायत ते? न्हाई, आपलं इचारते सहज, हितल्या कालेजचे सगळे प्राध्यापक येत्यात दुकानावर, वळखत असले तर —

कोण?

परत सांगा.

नाथाजी शेलार. तासगावचे. व्हय. आदी तिकडं पाटणच्या बाजूला होते, व्हय. गेल्या वर्षी आले हितं. गेल्या वर्षी, आणि मी हितंच बसलेली असते रोज.

त्यांना म्हणावं, हात हलला न्हवता. न्हाई — नगा सांगू, कायबी नगा सांगू. त्यांना ठावं हाय.

उठा बाई, त्ये स्टूल लागतंय मला. आणि ह्ये ठेवा खाली, ह्ये बांधलेलं. काड्या संपल्यात. दिसत्यात, मला बी दिसत्यात. संपल्यात म्हटलं न्हवं? या काका, पुढं या, तुमाला काय पायजे होतं?